गुंठ्या-गुंठ्याचा हिशेब: बेळगाव सीमाभागात काटेकोर शेती कशी सुरू करावी

आमचं रान वेदगंगेच्या काठाला, निपाणी तालुक्यात. एकच तुकडा, सव्वा एकराचा. लावण एका दिवशी, उसाचं बेणं एकच, को ८६०३२ जातीचं. तरी दरवर्षी नदीकडच्या मळीतला ऊस डोक्यावरून गेलेला असायचा आणि वरच्या मुरमाकडचा छातीला येऊन थांबलेला. खत मात्र मी दोन्हीकडे सारखंच टाकत होतो. एका रानात दोन रानं आहेत हे डोळ्यांना दिसत होतं, पण हाताच्या सवयीत उतरत नव्हतं.

काटेकोर शेती म्हणजे रानातल्या ज्या जागेला जे आणि जेवढं लागतं, ते त्या जागेला तेवढंच देणं. ड्रोन, सेन्सर, उपग्रहाचे नकाशे ही त्यासाठीची साधनं. नवीन माणूस बहुतेक वेळा प्रदर्शनात जाऊन आधी यंत्र बघतो आणि मग त्याला काम शोधतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा क्रम उलटा करा. पहिल्या वर्षी फार पैसा लागत नाही, लागते ती वही.

पहिली पायरी: रान पायाखाली घाला आणि भाग पाडा

कागदावर रानाचा कच्चा नकाशा काढा. बांध, विहीर, पाट, झाडं, विजेचा खांब, सगळं दाखवा. सर्व्हे नंबर आणि हद्द बघायला कर्नाटक सरकारचं ‘दिशांक’ नावाचं मोबाईल ॲप आहे. रानात उभं राहून उघडलं की तुम्ही कोणत्या सर्व्हे नंबरात आहात ते दाखवतं. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण ३ ते ५ मीटर इकडेतिकडे होतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अंदाजे १० मीटर बाजूचा चौकोन. म्हणून भाग पाडायला मोबाईल पुरतो, सरी मोजायला किंवा बांधाचा वाद मिटवायला पुरत नाही. बांधासाठी मोजणीदारच लागतो.

मग घरातल्या थोरांना घेऊन रानातून एक चक्कर मारा. पाणी दिल्यावर आधी कुठलं रान भेगाळतं? पावसात पाणी कुठं तुंबतं? ऊस दरवर्षी कुठं लोळतो? आमच्या ईशान्य कोपऱ्यात काहीच नीट येत नव्हतं. माझे थोरले चुलते म्हणाले, “तिथं आपली जुनी विहीर होती, दगडमुरूम टाकून बुजवली.” हे कुठल्याही उपग्रहाला कळलं नसतं.

या माहितीवरून रानाचे दोन किंवा तीन भाग करा. त्यांना अ, ब, क म्हणा आणि बांधावरच्या दगडाला वेगवेगळा रंग मारून ठेवा. तीनापेक्षा जास्त भाग सुरुवातीला करू नका, सांभाळता येत नाहीत. आपल्या जिल्ह्यात जमीन किती बदलते ते ध्यानात घ्या. खानापूर आणि पश्चिम बेळगावात तांबडी माती आणि मुसळधार पाऊस, तर अथणी-रायबागकडे काळी जमीन आणि पावसाची ओढ. दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्याचं वेळापत्रक तुमच्या रानाला चालेलच असं नाही.

दुसरी पायरी: प्रत्येक भागाची माती वेगळी तपासा

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत १२ गोष्टी तपासतात: सामू (पीएच), विद्युत वाहकता (यावरून क्षार कळतात), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. पण त्या योजनेत नमुन्याची चौकट बागायतीला अडीच हेक्टर आणि कोरडवाहूला १० हेक्टर अशी धरतात. म्हणजे तुमच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या रानातलीही असू शकते. काटेकोर शेतीसाठी आपल्या अ, ब, क भागांचे नमुने आपणच वेगवेगळे काढून द्यायचे.

पीक निघाल्यावर आणि खत टाकण्याआधी प्रत्येक भागात नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या. भाताला वीतभर खोल, उसाला फूटभर. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा. चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकत जा, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. बांधाकडेची, उकिरड्याजवळची आणि झाडाखालची माती घेऊ नका. खताच्या रिकाम्या पोत्यावर माती पसरली तर सगळा नमुना वाया जातो, ही चूक सर्रास होते.

माती तपासायला कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात चौकशी करा, कृषी विज्ञान केंद्राकडे जा किंवा साखर कारखान्याच्या शेती विभागाला विचारा. अहवाल कानडीत आला तर घाबरू नका. आकडे आणि पुढचं एकक सगळीकडे सारखंच असतं, आणि शाळेत कानडी शिकणारी मुलं आपल्या घराघरात आहेत. फक्त एक सांभाळा. खताची शिफारस राहुरीच्या विद्यापीठाची वेगळी आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाची वेगळी असू शकते. दोन्हीतलं आपल्याला सोयीचं तेवढं उचलून तिसरीच मात्रा बनवू नका. एक धरा आणि वर्षभर तीच पाळा.

खानापूरकडच्या तांबड्या मातीत सामू ६ च्या खाली आला तर आधी चुन्याचा विचार करावा लागतो, नाहीतर टाकलेलं स्फुरद मातीतच अडकून बसतं. कृष्णाकाठच्या अथणी, रायबाग, चिक्कोडी भागात उलटा त्रास आहे. वर्षानुवर्षं पाट भरून पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि उन्हाळ्यात वर पांढरं फुटतं. तिथं मातीइतकंच बोअरचं आणि विहिरीचं पाणी तपासा. खिशात मावणारा क्षारमापक मिळतो. पाण्याची वाहकता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की सावध व्हा, २.२५ च्या वर असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय ते पाणी पिकाला देऊ नका.

तिसरी पायरी: पाणी मोजा

माझ्या मते नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यावा. आपल्याकडे पाणी तासात मोजतात: “काल रात्री सहा तास मोटर चालली.” पण सहा तासांत किती पाणी आलं, हे क्वचितच कुणी सांगतं.

दोनशे लिटरचं बॅरल पाइपाखाली ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. समजा ४० सेकंदांत भरलं. म्हणजे सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर. आता ठिबकचा हिशेब करू. पाच फुटी सरी, दर ४० सेंटीमीटरला एक ड्रीपर, प्रत्येकाचा प्रवाह तासाला ४ लिटर. एकरात साधारण पावणेसात हजार ड्रीपर बसतात आणि तासाला २७,००० लिटर पाणी मागतात. तुमची मोटर देते १८,०००. पूर्ण एकर एकदम चालू केला तर दाब पडणार आणि शेवटच्या ओळी उपाशी राहणार. वीस-वीस गुंठ्यांचे दोन व्हॉल्व्ह केले की प्रत्येकाला साडेतेरा हजार लागतात आणि काम बसतं. हा हिशेब विक्रेत्याने करून द्यायला हवा. माझ्याकडे ज्याने पहिला संच बसवला त्याने केला नव्हता. दोन वर्षं मी शेवटच्या ओळींचा दोष बेण्याला देत होतो.

आता किती वेळ द्यायचं? समजा त्या दिवशी पिकाने आणि मातीने मिळून ५ मिलिमीटर पाणी उडवलं. एकराला ते जवळजवळ २०,००० लिटर होतं. वरच्या संचातून ताशी पावणेसात मिलिमीटर पडतं, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह पाऊण तास. पाऊण तासाचं काम आपण रात्रभर करत होतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ बांधावर बसून होतो.

संच नीट चालतोय का ते बघायला बाटल्या वापरा. व्हॉल्व्हजवळच्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीत ड्रीपरखाली एकेक लिटरची बाटली पंधरा मिनिटं ठेवा. ४ लिटरच्या ड्रीपरने बरोबर एक लिटर भरायला हवं. शेवटची बाटली ९०० मिलिलिटरच्या खाली राहिली तर आधी फिल्टर धुवा, मग नळीचं टोक उघडून पाणी सोडा. नदीचं पाणी असेल तर वाळूचा फिल्टर लागतोच, नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागत नाही. मी दर पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडतो. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा उघडली की चहासारखा गाळ बाहेर येतो.

मग ओलाव्याचा सेन्सर. सर्वांत साधा म्हणजे टेन्शिओमीटर: पाण्याने भरलेली नळी, तळाला चिनीमातीचा कप, वर काटा. माती सुकली की ती कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. शून्य ते १० सेंटीबार म्हणजे चिखल. हलक्या जमिनीत काटा २५-३० ला आला की पाणी द्यावं, काळ्या जमिनीत ५० च्या आसपास. ८० च्या पुढे नळीत हवा शिरते आणि पुन्हा पाणी भरावं लागतं. याहून सोपं हवं असेल तर कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने काढलेला ओलावा दर्शक बघा. तो मातीत खुपसला की दिवा लागतो. निळा म्हणजे भरपूर ओल, हिरवा म्हणजे पुरेशी, नारिंगी म्हणजे कमी, लाल म्हणजे फारच कमी.

सेन्सर कुठं लावता यावर सगळं अवलंबून आहे. मी पहिला टेन्शिओमीटर बांधाजवळ लावला, येता-जाता काटा दिसावा म्हणून. शेजारच्या पाटाचं पाणी तिथं आतून झिरपत होतं. तीन आठवडे काटा १० वरून हलला नाही आणि मी निवांत. वरच्या भागातल्या उसाची पानं दुपारी सुरळी होऊ लागली तेव्हा शंका आली. म्हणून प्रत्येक भागात बांधापासून निदान दहा पावलं आत, दोन रोपांच्या मध्ये, ड्रीपरपासून वीतभर अंतरावर लावा. एकच घेणं परवडत असेल तर लवकर सुकणाऱ्या भागात लावा. पहिले पंधरा दिवस रोज त्याच्या शेजारी खुरप्याने माती काढून मुठीत दाबून बघा. मूठ आणि काटा जुळायला लागले की मगच काट्यावर विश्वास ठेवा.

मोबाईल स्टार्टर आता खेड्यापाड्यांत आहे. थ्री-फेज वीज रात्री दोनला आली तरी घरातून मोटर चालू करता येते, साप-विंचवाच्या अंधारात जावं लागत नाही. यापेक्षा माणसाच्या उपयोगाचं यंत्र मला तरी माहीत नाही. मात्र वीज आली की आपोआप सुरू होणाऱ्या पर्यायावर तसाच सोडू नका. वेळेची मर्यादा घाला, आणि नदीचं पाणी खाली गेल्यावर मोटर कोरडी चालू नये म्हणून ड्राय-रनची सोय त्यातच घ्या.

चौथी पायरी: पान वाचा, मग आभाळातून बघा

भातवाल्यांसाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पानाच्या रंगाची पट्टी. प्लास्टिकच्या पट्टीवर फिकट ते गडद हिरव्या छटा असतात. रोप लावून दोन-तीन आठवडे झाले की दर आठ-दहा दिवसांनी, सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, सर्वांत वरचं पूर्ण उघडलेलं पान पट्टीवर ठेवायचं. पान तोडायचं नाही. आपल्या अंगाची सावली त्यावर घ्यायची, कारण उन्हात रंग फसवतो. अशी दहा पानं बघा. सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या छटेपेक्षा फिकट निघाली तरच युरिया टाका. ठरलेली छटा जातीप्रमाणे ३ किंवा ४ असते. तुमच्या जातीला कोणती, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. सुवासिक जातींना बहुधा कमी छटा पुरते, जास्त युरिया दिला की भात लोळतो. खानापूरकडच्या पावसात एकदम टाकलेला युरिया वाहून जातो, तिथं ही पट्टी फार मोलाची आहे.

आता उपग्रह. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि त्यांची चित्रं फुकट बघता येतात. त्यांचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. आजोबांनी ज्या मापाने रान वाटलं त्याच मापाने उपग्रह ते बघतो, याचं मला अजून नवल वाटतं. पिकाची हिरवाई दाखवणारा निर्देशांक एनडीव्हीआय. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं, त्या फरकावरून तो काढतात. आकडा उणे १ ते अधिक १ मध्ये असतो. उघडं रान शून्याच्या थोडं वर, दाट पीक ०.७-०.८ च्या पुढे.

तीन मर्यादा आधीच समजून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग, त्यामुळे चित्र पांढरंच येतं. रान दहा-पंधरा गुंठ्यांचं असेल तर निम्मे ठिपके बांधावरच्या झाडांचे आणि शेजाऱ्याचे असतात, त्यावर वेळ घालवू नका. आणि ऊस दाट झाला की आकडा वर जाऊन थांबतो, मग चांगला आणि फार चांगला यातला फरक दिसत नाही. शिवाय हरळी आणि लव्हाळाही हिरवाच दिसतो.

नकाशा रोगाचं नाव सांगत नाही, कुठं जाऊन बघायचं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावरच्या पहिल्या स्वच्छ चित्रात आमच्या ब भागात तीन ठिपके पिवळे दिसले. आत शिरून पिवळा पडलेला एक बेट हाताने ओढला, तर तो गाजरासारखा अलगद वर आला. मुळं कुरतडलेली, आणि खालच्या मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची हुमणी. एका बेटाखाली पाच. बांधावरून ते दिसायला अजून महिना गेला असता. तेव्हापासून वळवाचा पहिला पाऊस झाला की आम्ही संध्याकाळी बाभळीवर आणि कडुनिंबावर येणारे भुंगेरे गोळा करतो आणि त्या भागात हुमणी मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतातून देतो.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या उसाच्या एआय प्रयोगाबद्दल बरेच जण विचारतात. तिथंही पाया हाच आहे: माती, हवामान, ओलावा आणि उपग्रह यांच्या नोंदी. तुमच्या नोंदीच नसतील तर एआयला द्यायला तुमच्याकडे काही नसतं.

हवामानासाठी भारतीय हवामान विभागाचं ‘मेघदूत’ ॲप घ्या. बेळगाव जिल्ह्याचं बघा. निपाणी-चिक्कोडीकडचे असाल तर कोल्हापूर जिल्ह्याचा मराठी सल्लाही वाचा, आभाळ तेच आहे.

पाचवी पायरी: ड्रोन भाड्याने घ्या

सहा महिन्यांच्या उसात पंप पाठीवर घेऊन शिरता येत नाही, तिथं ड्रोनचा खरा उपयोग. बहुतेक फवारणी ड्रोनची टाकी १० लिटरची असते आणि एकराला आठ-दहा मिनिटं पुरतात. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, इथं आठ-दहा लिटरमध्ये भागतं. याचाच अर्थ द्रावण फार तीव्र असतं. थोडं वाऱ्याने उडालं तरी शेजारचं पीक जाळतं. उसातलं २,४-डी तणनाशक ड्रोनने मारू नका, मी हे हात जोडून सांगतो. अथणीकडे उसाला लागून द्राक्षबागा आहेत, आपल्याकडे सोयाबीन आणि भाजीपाला आहे. रुंद पानाच्या पिकाला त्याचा वासही सोसत नाही.

चालकाला तीन गोष्टी विचारा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का? ड्रोनला नोंदणी क्रमांक आहे का? आपलं रान सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात येतं का? सांबऱ्याचा विमानतळ आणि बेळगावातला लष्करी भाग यांच्या आसपासच्या गावांनी तिसरा प्रश्न विसरू नये. २०२१ चे ड्रोन नियम सगळ्यांना लागू आहेत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरात १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. जवळपास असा गट असेल तर काम त्यांना द्या.

फवारणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, वारा पडलेला असताना. आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगा आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा चालकाला स्वतः दाखवा.

कागदपत्रं

अनुदानासाठी कर्नाटकात ‘फ्रूट्स’ची शेतकरी नोंदणी लागते. आधार, बँक पासबुक आणि आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) घेऊन रयत संपर्क केंद्रात जा, एफआयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक मिळेल. उताऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव कानडीत सारखं लिहिलं आहे का ते आधीच वाचून घ्या, एका कागदावर ‘पाटील’ आणि दुसऱ्यावर वेगळं आडनाव असलं की कामं अडतात. हद्दीच्या दोन्हीकडे जमीन असेल तर पलीकडच्या सातबाऱ्याचा अर्ज महाराष्ट्र सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर वेगळा करावा लागतो. एकाच संचाचं अनुदान दोन्हीकडे मागू नका. ठिबकचा संच मंजुरी येण्याआधी बसवू नका.

सहावी पायरी: वजन भागाप्रमाणे लिहा

परदेशात कापणी यंत्रच चालता चालता उत्पन्नाचा नकाशा काढतं. आपल्याकडे काट्याची पावती आहे. तोडणीच्या आदल्या दिवशी टोळीच्या मुकादमाला सांगून ठेवा की अ भाग संपल्याशिवाय ब ला हात लावायचा नाही. ट्रॉली भरून निघताना त्या खेपेचा भाग वहीत लिहा, आणि पावती हातात आली की तिच्या मागे तेच अक्षर टाका. एखादी ट्रॉली दोन भागांची झाली तर अंदाजे वाटणी लिहा.

समजा अ भाग १६ गुंठे आणि माल २४ टन, म्हणजे एकरी ६० टन. क भाग ८ गुंठे आणि माल ६ टन, म्हणजे एकरी ३०. दोन्हीकडे गुंठ्यामागे खताचा खर्च सारखा झाला असेल तर क भागातला टन तुम्हाला दुप्पट महाग पडला. मातीचा अहवाल, ओलाव्याच्या नोंदी आणि हा आकडा शेजारी ठेवून बघा. आमच्या क भागात खत कमी पडत नव्हतं, मुरमात पाणी टिकत नव्हतं. मी तिथलं खत न वाढवता पाणी रोज थोडं थोडं दिलं आणि खोडव्याचं पाचट न जाळता सरीत दाबलं.

गुऱ्हाळाला ऊस देणाऱ्यांनी रसातली गोडी मोजणारा ब्रिक्स मीटर घ्यावा. उसाच्या खालच्या आणि वरच्या कांडीचा रस दोन-दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरायचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले आणि १८ च्या वर असले तर ऊस पिकला. खालचा २० आणि वरचा १४ आला तर अजून थांबा. प्रत्येक भागातले पाच-पाच ऊस बघा. हलक्या रानातला आधी पिकतो, तोड तिथून सुरू करा.

पावत्या भागाप्रमाणे सुतळीने वेगवेगळ्या बांधा आणि मातीच्या अहवालासोबत एकाच पिशवीत ठेवा. खोडव्याला पहिलं खत टाकण्याआधी ती पिशवी उघडायची आहे.